शेऱ्याचा रकाना

काम सोडून चार वर्षं झाली, तरी मी नेमकं काय करत होते हे माझ्या सख्ख्या बहिणीला अजून सांगता येत नाही. कोणी विचारलं तर ती म्हणते, "ते कंपुटरवर बसे." तिचं चुकत नाही. यवतमाळात सव्वीस वर्षं मी कंपुटरवर बसले. पण त्यातली बरीचशी वर्षं फुगून बंद पडलेल्या फायली उघडण्यात गेली, आणि लोक मला बोलवायचे ते त्यासाठीच.

आधी हे फायलीचं प्रकरण सांगते, म्हणजे पुढचं समजेल. माहिती साठवतात ती टेबलात. टेबल म्हणजे शाळेच्या हजेरीपटासारखा तक्ता. आडव्या ओळीत एकेक माणूस, उभ्या रकान्यांत त्याचं नाव, गाव, वय. हा सगळा तक्ता डिस्कवर एका फायलीत राहतो. त्या काळी आम्ही जे सॉफ्टवेअर वापरत असू, त्यात एका फायलीला दोन जीबीची हद्द होती. त्यापुढे एक अक्षरही मावायचं नाही. शिवाय प्रत्येक रकान्याची रुंदी आधीच ठरवावी लागे. नावाला पन्नास अक्षरांची जागा ठेवली आणि माणसाचं नाव 'रमा' असलं, तरी पन्नास अक्षरांची जागा अडायचीच. कोरा रकाना आणि भरलेला रकाना, दोघांचं वजन सारखं. तक्ता हद्दीपर्यंत आला की अडून बसायचा, आणि कधी हद्द ओलांडताना असा मोडायचा की मग उघडायचाच नाही.

यावर दोन उपाय. एक, तक्त्याचे भाग करायचे: वर्षावार, तालुकावार, जसं जमेल तसे. दुसरा, काहीतरी काढून टाकायचं. पहिल्याला वेळ लागतो. दुसरा झटपट होतो.

पहिला उपाय मी शिकले राजूरकडे. तिथल्या एका कंत्राटदाराकडे खाणीतल्या मजुरांच्या हजेरीचं टेबल तुंबलं होतं. कंत्राटदार म्हणाला, जुने सगळे काढून टाका, अर्धे तर मेले. तिथले हजेरीबाबू होते गेडाम. साठीला आलेले, पांढरी टोपी, हळू बोलणारे. ते माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले.

"मेले हे खरं हाय बाई," ते म्हणाले. "पन त्या दिशी ते हजर होते ना. ते कसं काय काढता?"

मी तीन दिवस राहून प्रत्येक वर्षाचं वेगळं टेबल केलं, आणि सगळी वर्षं एकत्र पाहायची झाली तर पाहता येतील अशी सोय करून दिली. एकाही माणसाचा एकही दिवस गेला नाही. निघताना गेडामबाबूंनी स्वतः चहा आणून दिला. सांगायचं कारण एवढंच की नीट उपाय मला येत होता. पुढं जे झालं ते अज्ञानातून झालं असं मला म्हणता येणार नाही.

कापसाची ती वाईट वर्षं होती. बोंडं हाती लागत नव्हती, लागली तर भाव नव्हता, आणि रोजच्या पेपरात आपल्याच जिल्ह्याचं नाव वाचायची सगळ्यांना धास्ती वाटे. तेव्हा घरोघर पाहणी करायचं ठरलं. गावागावांत शिक्षक, अंगणवाडीच्या बाया एकेका घरी जाऊन चार पानी अर्ज भरणार, आणि कोणत्या घराला कशाची गरज आहे ते त्यावरून ठरणार. अर्ज कंपुटरात भरायचं काम आमच्या संस्थेकडे आलं. माझ्या हाताखाली सहा मुली होत्या, आणि वर मोहोड सर. सर तसे भले माणूस. पण वरून फोन आला की त्यांचा आवाज बदलायचा.

अर्जात बहुतेक ठिकाणी आकडे टाकायचे होते. घर कच्चं की पक्कं, विहीर आहे की नाही, बैल किती. चौथ्या पानाच्या तळाशी एक मोठा चौकोन होता: 'शेरा'. भरणाऱ्याला आणखी काही सांगायचं असेल तर तिथं लिहायचं. टेबलात सर्वांत रुंद रकाना तोच होता. बहुतेक अर्जांत तो कोरा असे, नाहीतर 'काही नाही' असं लिहिलेलं. काही जण मात्र चौकोन भरून, समासात वळवून लिहीत. एक अर्ज कंपुटरात भरून झाला की भरणारीनं त्या कागदाच्या कोपऱ्यात आपलं आद्याक्षर टाकायचं, अशी मीच पद्धत घालून दिली होती. मुलींच्या बरोबरीनं मीही अर्ज भरत असे.

जवळचे तालुके आधी आले, लांबचे शेवटी. उमरखेड तालुक्यातल्या ढाणकीकडचे गठ्ठे चालू असताना एका दुपारी साती पडद्यांवर एकच ओळ उमटली आणि टेबल बंद झालं. पुन्हा उघडायला गेले तर मशीन म्हणे, ही फाइल टेबलच नाही. तीन महिन्यांचं काम त्यात होतं. मुली माझ्याकडे पाहत बसल्या.

फाइल दुरुस्त करायला मला दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. हद्दीबाहेर गेलेलं शेपूट कापायचं आणि फायलीच्या तोंडाशी जी ओळींची संख्या लिहिलेली असते ती जुळवायची, असं ते काम. टेबल उघडलं, पण कापलेल्या शेपटात ढाणकीकडची बरीच गावं गेली. त्यांचे अर्ज पुन्हा भरावे लागणार होते आणि भरायला जागा नव्हती.

मी मोहोड सरांना म्हटलं, "तालुकावार टेबलं करू. पण छपाईचा प्रोग्राम एकच टेबल वाचतो, तो सगळा बदलावा लागेल. आठवडा द्या."

"परवा याद्या द्यायच्या आहेत वंदना मॅडम," सर म्हणाले. "सर्वांत जास्त जागा कोण खातं?"

"शेरा."

"त्याची यादी कोणी मागितली आहे?"

"नाही."

"मग वाचतं कोण ते? काढून टाका."

मी वाद घातला नाही. खरं सांगायचं तर मलाही ते पटलं. दोन दिवस झोप नव्हती आणि तीन महिने मी असे किती कोरे चौकोन ओलांडले होते. मी एका ओळीची आज्ञा दिली आणि रकाना गेला. टेबल एकदम सडपातळ झालं. ढाणकीचे अर्ज मुलींनी पुन्हा भरले. या वेळी भरायला शेरा नव्हताच, त्यामुळे काम लवकर उरकलं. याद्या वेळेत गेल्या. सरांनी सगळ्यांना कचोरी खाऊ घातली.

शेऱ्यासकटची प्रत मी दुसऱ्या डिस्कवर ठेवली होती. महिन्याभरानं नव्या कामासाठी ती डिस्क कोरी करायची वेळ आली. मला रीतसर विचारलं गेलं, आणि मी हो म्हटलं.

दसऱ्यानंतर एक दिवस राठोड गुरुजी ऑफिसात आले. ढाणकीजवळच्या एका तांड्यावरच्या शाळेचे मास्तर. बसनं चार-पाच तासांचा प्रवास करून आले होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. पिशवीतून एक वही काढली. आपण लिहिलेला प्रत्येक शेरा त्यांनी त्या वहीत उतरवून ठेवला होता.

"बाई, आमच्याकडे कोनीच आलं नाही," ते म्हणाले. "घरं पाहायले आले, विहिरी पाहायले आले. पन मी जे लिवलं होतं, त्याच्यासाठी कोनी नाही आलं. हे वाचा."

मी वाचलं. 'या घरातली सून महिनाभर बोलत नाही. सासू म्हणते, फवारणीच्या औषधाचा डबा मी कुलपात ठेवला आहे व किल्ली गळ्यात बांधली आहे. घरची स्थिती इतरांपेक्षा बरी आहे. तरी येथे लवकर कोणीतरी यावे.'

त्या घराचे बाकीचे रकाने मी टेबलात उघडून पाहिले. पक्कं घर, विहीर, दोन बैल. या आकड्यांवरून ते घर कोणत्याच यादीत बसत नव्हतं.

"तुमी वाचलं नाही काय?" गुरुजींनी विचारलं. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

मी त्यांना खरं ते सांगितलं. फायलीची हद्द, रकाना, आज्ञा, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हनजे जागा नव्हती," ते म्हणाले.

"हो."

"मी तर समासातही लिवलं होतं बाई, अक्षर लहान करून. तुमाले जागा पुरावी म्हनून."

मी विचारलं, ती सून कशी आहे. "हाये," ते म्हणाले. "तिची सासू सोनीबाई तिले एकटी सोडत नाही. शेतात नाही जात, बाजारात नाही जात. पन म्हातारं मानूस किती दिवस राखन करन?"

त्याच दुपारी मी मोहोड सरांसमोर उभी राहिले. सरांनी आधी उठून दार लावून घेतलं. मग म्हणाले, हे बाहेर बोलू नका. मी म्हटलं, बाहेर बोलत नाही, पण कागद अजून आहेत. ते रद्दीत जाण्याआधी मला पाहू द्या. त्यांनी गोदामाची किल्ली दिली.

अर्ज एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या गोदामात होते. भिंतींच्या खाचांत जुना कापूस अडकलेला, आणि जमिनीपासून डोक्यापर्यंत गठ्ठे. आम्ही एक युक्ती केली. गठ्ठा पालथा घालायचा, म्हणजे चौथं पान वर येतं, आणि फक्त तळाचा चौकोन पाहत जायचं. कोरा असला की पुढं. लिहिलेला असला की वाचायचा. मुली ऑफिसचं काम उरकून येत, रविवारी सकाळपासून बसत. गुरुजी दिवाळीच्या सुट्टीत आले आणि शाळा उघडेपर्यंत एका ओळखीच्यांकडे राहिले. तिसऱ्या दिवशी मोहोड सर आले. त्यांनी चष्मा पुसला, एक गठ्ठा ओढून घेतला आणि सतरंजीवर मांडी घातली. त्यानंतर ते रोज यायचे.

बरेच शेरे कामाचे नव्हते. कोणी रस्त्याची तक्रार लिहिली होती, कोणी भत्ता मिळाला नाही म्हणून. एकीनं लिहिलं होतं, 'या घरी कुत्रा चावला.' आम्ही हसलो, आणि पुढच्याच अर्जाला गप्प झालो. कारण मधूनच असं काही हाती यायचं की वाचणारी मुलगी मोठ्यानं वाचता वाचता थांबायची. तशी घरं मी एका वहीत उतरवत गेले: तालुका, गाव, नाव, आणि शेरा जसाच्या तसा. तीन आठवड्यांत अर्धी वही भरली.

वही घेऊन सर आणि मी पाहणीचं काम बघणाऱ्या अधिकारीबाईंकडे गेलो. चूक आमची आहे, हे सरांनी स्वतःहून पहिल्याच वाक्यात सांगितलं. बाईंनी दोन पानं वाचली, मग फोन उचलला. सरकारी दवाखान्यातल्या मनाच्या आजारांच्या डॉक्टरबाई, नर्सेस आणि काही शिक्षक यांच्या तुकड्या करून वहीतल्या घरी पाठवायचं ठरलं.

ढाणकीच्या तुकडीबरोबर मी गेले. सोनीबाई ओसरीवर बसल्या होत्या. कपाळावर गोंदण, गळ्यात काळ्या दोऱ्याला किल्ली. गुरुजी त्यांना 'याडी' म्हणाले, आई म्हणतात तसं, आणि डॉक्टरबाईंची ओळख करून दिली. डॉक्टरबाई आत सुनेजवळ जाऊन बसल्या. मी बाहेर थांबले.

"एवढ्या दिसानं आले व माय," सोनीबाई मला म्हणाल्या. "मास्तर म्हने, कागदावर लिवलं हाय, येतीन. मी वाट पाहून राह्यली होती."

मी म्हटलं, "आजी, चूक माझी झाली. ते लिहिलेलं मी पुसलं होतं."

त्यांना ते नीट कळलं की नाही, ठाऊक नाही. "आले ना आता," एवढंच म्हणाल्या, आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. पाच मिनिटांत त्यांना झोप लागली. डॉक्टरबाई तासाभरानं बाहेर आल्या तरी त्या झोपलेल्याच होत्या. गुरुजींनी त्यांना उठवू दिलं नाही. त्या सुनेचे उपचार दीड-दोन वर्षं चालले. पुढं तिनं तांड्यावर शिलाईचं यंत्र घेतलं, गुरुजींच्या शाळेचे गणवेश तीच शिवत असे.

सगळीकडे असं झालं नाही. वहीतल्या काही घरी कोणी गेलं नसतं तरी चाललं असतं, काळाबरोबर ती माणसं सावरली होती. आणि दोन घरी आम्ही पोहोचलो तेव्हा उशीर झालेला होता. त्यातलं एक घर नेर तालुक्यात होतं. नेर माझं माहेर. म्हणून तिथं जायचं मी माझ्याकडे घेतलं.

त्या घरची बाई, निर्मला, माझ्याहून लहान. नवरा जाऊन सात आठवडे झाले होते. मी कुठून आले ते सांगितलं. तिनं खाट टाकली, पाणी दिलं. अशा वेळी येणारी माणसं काय काय विचारतात याची तिला सवय झाली होती. तिनं आपणहूनच शेत किती, मुली किती, हे सांगायला सुरुवात केली. मी तिला थांबवलं आणि पिशवीतून अर्ज काढला.

गोदामातून मी तो मूळ अर्जच आणला होता. अंगणवाडीच्या बाईंनी लिहिलेला शेरा मी तिला वाचून दाखवला. 'या गृहस्थांनी मला फार वेळ बसवून घेतले. प्रश्न संपले तरी उठू देत नव्हते. म्हणाले, थोरलीला अमरावतीला शिकायला ठेवीन, तिचं डोकं चांगलं आहे, आईवर गेली आहे. नंतर रडले. येथे पुन्हा लवकर जाणे गरजेचे वाटते.'

निर्मला खाटेजवळ सरकली. मग तिनं विचारलं, "आईवर गेली, असं म्हनले ते?"

"असं लिहिलं आहे."

"माह्यासंग तर बोलतच नव्हते. सहा महिने. मले वाटे, माह्यावरच राग हाय." तिनं पदर तोंडाला लावला. काही वेळानं म्हणाली, "हे कधी लिवलं ताई?"

मी तारीख सांगितली. तिनं मनात हिशेब केला. त्या दिवसापासून तो गेला त्या दिवसापर्यंत किती काळ होता, हे तिला कळलं. मलाही कळलं. ती आता विचारील की मग इतके दिवस तुम्ही काय करत होता, म्हणून मी मान खाली घालून बसले. आणि तेव्हा मला अर्जाचा कोपरा दिसला. तिथं माझं आद्याक्षर होतं. वं. ही ओळ मुलींपैकी कोणी नव्हे, मी स्वतः भरली होती. 'रडले' हा शब्द मी माझ्या बोटांनी अक्षरागणिक उमटवला होता, पुढचा अर्ज ओढला होता, आणि मला त्यातलं काहीही आठवत नव्हतं.

मी तिला तो कोपरा दाखवला. सांगितलं, की हे माझ्या हातून गेलं आहे, मी वाचलं होतं.

तिनं कोपऱ्याकडे पाहिलं नाही. ती वरच्या चौकोनाकडेच पाहत होती. तिला फारसं वाचता येत नव्हतं, पण बोट ओळीवरून फिरवत ती विचारत होती, "यातलं 'आईवर गेली' कोनतं हाय?" मी दाखवलं. तिनं बोट तिथं ठेवलं.

"हा कागद मले भेटन काय?"

तो अर्ज सरकारी होता. गोदामातून काढताना मी रजिस्टरमध्ये सही केली होती. दोन दिवसांत गठ्ठ्यात परत ठेवायचा होता, आणि माझ्या सगळ्या नोकरीत मी एकही कागद इकडचा तिकडं होऊ दिला नव्हता.

"तुमच्याचकडे राहू द्या," मी म्हटलं.

तिनं थोरलीला हाक मारली. मुलगी आतून आली, कागद हातात घेतला आणि दारातल्या उजेडात उभी राहून आईला शेवटपर्यंत वाचून दाखवू लागली. तिचं वाचून होईपर्यंत मी थांबले नाही.